पडद्यावरून पान्हा

समजा, उमरोळीतलं एक घर. बाळंतीण माहेरी आलेली, बाळ नऊ दिवसांचं. सकाळचे अकरा वाजलेत आणि घरात शोधाशोध चालली आहे ती फोन कशाला टेकवायचा याची. मसाल्याचा डबा बुटका पडतो. कळशीवरून फोन घसरतो. शेवटी स्टूल, स्टुलावर पिठाचा डबा आणि डब्याला टेकून फोन असा मनोरा उभा राहतो. तेवढ्यात फोनमधून आवाज येतो, "आई, खिडकी पाठीमागे नको. उजेड बाजूनं येऊ दे. मला आत्ता नुसत्या सावल्या दिसताहेत." बाळंतिणीची आई कुरकुरत खाट फिरवते. "आता बघा मॅडम, दिसतंय का."

फोनच्या पलीकडे आहे स्तनपान सल्लागार. लॅक्टेशन कन्सल्टंट हे नाव आता शहरांत रुळलंय. ती बसली आहे मुंबईत, कुठल्यातरी उपनगरातल्या आपल्या घरी. तिच्या मांडीवर एक कापडी बाहुली आहे आणि हातात लोकरीनं विणलेला एक स्तन. हे वाचून हसू येईल, पण या पेशातलं हे रोजचं अवजार आहे. सुताराकडे जसा गुण्या, तसा हिच्याकडे हा लोकरीचा स्तन.

उमरोळी म्हणजे पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसरच्या मधलं लहानसं स्टेशन. 2013 च्या एप्रिलपासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि मुंबई नकाशावर होती त्याहून जवळ आली. तरीही चर्चगेट शंभरेक किलोमीटर. ओल्या बाळंतिणीनं टाके सांभाळत, नऊ दिवसांचं बाळ पदराखाली घेऊन त्या गर्दीत चढावं, तेही फक्त बाळ नीट ओढत नाही एवढ्यासाठी, हे कुणी सुचवलं तर आजी त्याला दारात उभा करणार नाही. म्हणून फोन.

व्हिडिओ कॉलचं नवल आता कुणालाच उरलेलं नाही. मला थक्क करतं ते वेगळंच. अंगाला अंग लागल्याशिवाय जी गोष्ट होतच नाही, जगात याहून जवळून होणारं काही नाही, तिच्यात शंभर किलोमीटरवरच्या बाईला करण्यासारखं असतंच काय? आणि ती काहीतरी करते, बाळ प्यायला लागतं, हे होतं कसं?

उत्तराचं एक टोक मराठी भाषेतच सापडतं. आपल्याकडे दूध हा एक शब्द आहे आणि पान्हा हा दुसरा. दूध स्तनात तयार होऊन थांबलेलं असतं. पान्हा फुटावा लागतो. गोठ्यात वाढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. वासरू सोडलं, त्यानं दोन ढुशा दिल्या, की गाय पान्हवते. नवखा माणूस धारेला बसला, कुत्रं भुंकलं, की तीच गाय पान्हा चोरते. कास भरलेली असते आणि भांड्यात धार पडत नाही.

पान्हा चोरणं म्हणजे नेमकं काय, हे 1941 मध्ये ईली आणि पीटरसन या दोन अमेरिकी संशोधकांनी तपासलं. त्यांची पद्धत वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता हसलो होतो. त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि शेजारी कागदी पिशव्या फुगवून फाडफाड फोडल्या. गाईनं पान्हा चोरला. मग त्यांनी न घाबरवता नुसतं भीतीचं रसायन, म्हणजे ॲड्रेनलिन, टोचलं. तरीही पान्हा अडला. म्हणजे गाय रुसत नव्हती, हट्टही करत नव्हती. तिच्या रक्तातच कुणीतरी फाटक लावलं होतं.

मग प्रश्न उरला बाईचा. 1948 मध्ये नाइल्स न्यूटन या संशोधिकेनं आपल्या डॉक्टर नवऱ्याबरोबर प्रयोग केला. प्रयोगातली आई ती स्वतःच, आणि बाळही तिचंच. काही दिवस तिनं शांतपणे पाजलं. काही दिवस पाजताना तिचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, पायाचा अंगठा जोरात ओढला, भराभर गणितं विचारली आणि उत्तर चुकलं की विजेचा हलका झटका दिला. प्रत्येक वेळी बाळाचं वजन पाजण्याआधी आणि नंतर केलं. शांत दिवशी बाळाला सरासरी 168 ग्रॅम दूध मिळालं. छळाच्या दिवशी 99. पुन्हा तोच छळ, पण सोबत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर 153. दूध तिन्ही दिवशी आत होतंच. अडला होता तो पान्हा.

ऑक्सिटोसिन हा त्या फाटकाचा पहारेकरी. स्तनाच्या आत द्राक्षांच्या घोसासारख्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्या भिंतींत दूध बनतं. प्रत्येक पिशवीभोवती स्नायूंच्या पेशींची जाळी असते. बाळानं ओढलं की मज्जातंतूंतून मेंदूला वर्दी जाते, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि ती जाळी मुठीसारखी आवळते. दूध नळ्यांमध्ये ढकललं जातं. कुणाला त्या वेळी मुंग्या येतात, कुणाला काहीच जाणवत नाही, आणि दुसऱ्या बाजूनंही थेंब गळू लागतात. नऊच अमिनो आम्लांची ही इवलीशी साखळी विन्सेंट दु विन्यो यांनी 1953 मध्ये प्रयोगशाळेत जोडून दाखवली आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

आता पुन्हा उमरोळीच्या त्या खोलीत या. बर्फाचं पाणी नाही, विजेचा झटका नाही. पण आल्यागेल्यानं विचारलेलं आहे, "दूध येतंय ना पुरेसं?" शेजारणीनं आपल्या सुनेला कसं धो-धो दूध होतं हे सांगून झालंय. बाळ दर तासाला रडतंय, आणि वरच्या दुधाचा डबा कुणीतरी आणूनही ठेवलाय. आणि त्या मुलीला तर गणिताच्या प्रश्नांपेक्षा वाईट प्रश्न पडलेत.

म्हणूनच चांगली सल्लागार पहिली दहा मिनिटं स्तनाकडे बघतच नाही. जेवलात का, रात्री किती झोप झाली, टाके दुखतात का, खोलीत आत्ता कोण कोण आहे. हे शेवटचं ती मुद्दाम विचारते, आणि कॉल रेकॉर्ड होत नाही हेही सांगते. दीर पाणी प्यायला आत येणार असेल तर पदर आवळला जातो आणि पदराबरोबर सगळंच आवळतं. माझ्या मते या सल्ल्यातला निम्मा उपचार या दहा मिनिटांतच होऊन जातो. आवाज तारेतून जातो, आणि आवाजानं भीती उतरते.

दूध पुरत नाही ही तक्रार बहुतेक घरांत निघते, आणि तिच्यामागचं गणित बहुतेक घरांत उलटं मांडलं जातं. आपल्याला वाटतं स्तन म्हणजे हंडा, भरला की वापरायचा आणि जपून वापरला तर पुरेल. प्रत्यक्षात तो विहिरीसारखा आहे, उपसाल तसे झरे सुटतात. दूध साचून राहिलं की तिथल्या तिथे कारखान्याचा वेग मंदावतो, बाळानं रिकामं केलं की वाढतो. त्यातही प्रत्येक बाजूचा हिशेब वेगळा. एक बाजू कमी पाजली तर तीच बाजू कमी बनवते, दुसरीला त्याचा पत्ताही नसतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये संशोधक पीटर हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनांच्या आकारमानातला चढउतार मोजून हे पाहिलं. आकारानं लहान स्तनात साठवण कमी असू शकते, पण दिवसभरात बनणारं दूध त्यामुळे कमी पडत नाही. बाळ जास्त वेळा पितं, एवढंच. महिन्याभराचं झालं की निरोगी बाळ दिवसाकाठी पाऊण लिटरच्या आसपास दूध पिऊ लागतं, आणि ही मागणी ते स्वतःच, दर घोटागणिक नोंदवत असतं. वरच्या दुधाचा प्रत्येक चमचा म्हणजे नोंद न झालेली मागणी.

आणि चीक! गाय व्याली की तिचा चीक आपण गल्लीत वाटतो, खरवस करतो, वेलदोडा घालतो, कुणाला मिळाला नाही तर तो वर्षभर बोलून दाखवतो. बाईचा चीक मात्र पिढ्यान्‌पिढ्या जड, खराब, पिवळा म्हणून पिळून टाकला आणि बाळाच्या तोंडाला मध लावला. पहिल्या दिवशी हा चीक काही चमचेच असतो, कारण बाळाला लागतोही तेवढाच. त्यात जंतूंशी लढणारी प्रथिनं ठासून भरलेली असतात. वार पडली की प्रोजेस्टेरॉन उतरतं, आणि मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छाती भरून येते. आजी म्हणतात तो 'तिसरा दिवस' खरा आहे. फक्त पहिले दोन दिवस रिकामे नसतात.

तरी सगळ्यात अजब गोष्ट अजून सांगितलीच नाही. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल जो घन पदार्थ सापडतो, तो बाळाला पचतच नाही. साखरेच्या या साखळ्या, दीडशेहून अधिक तऱ्हांच्या, पोटातून तशाच आतड्यापर्यंत पोचतात. तिथे त्या खायला बिफिडोबॅक्टेरियम नावाचे जंतू बसलेले असतात. म्हणजे आई एकाच घोटात बाळाला जेवू घालते आणि बाळाच्या पोटातल्या पाहुण्यांचंही पान वाढते.

बरं, बोलणं झालं. आता पकड. बाळानं स्तन तोंडात घेण्याला सल्लागार लॅच म्हणतात, आयांच्या बोलण्यात तोच शब्द आता येतो. कॅमेऱ्याची खरी कामगिरी इथे आहे. पाजणाऱ्या आईला वरून दिसतं फक्त बाळाची टाळू, गाल आणि आपलाच स्तन. बाळाची हनुवटी कुठे टेकली, खालचा ओठ बाहेर वळलाय की आत दुमडलाय, बोंडशीभोवतीचा काळा भाग वर जास्त दिसतो की खाली, हे तिला दिसतच नाही. शेजारी बसलेल्या आजीलाही नाही. पिठाच्या डब्यावरून, बाळाच्या कानाच्या उंचीवरून बघणाऱ्या फोनला ते दिसतं. शंभर किलोमीटरवरची बाई त्या क्षणी आईपेक्षा जवळ असते.

"ताई, बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागू दे. मान वळवून कुणाला पाणी पिता येतं का? तसंच त्याचं. कान, खांदा, कंबर एका रेषेत. आता बोंडशी नाकासमोर धरा. तोंडात कोंबू नका, थांबा. जांभई दिल्यासारखा मोठा आ करू दे. आता! बाळाला तुमच्याकडे आणा, तुम्ही वाकू नका. आधी हनुवटी."

ती हे सगळं बाहुलीवर करून दाखवते आणि इकडे तिची नक्कल होते. दोनदा चुकतं. तिसऱ्यांदा बाळ घट्ट पकडतं, आणि मुलीचा चेहरा बदलतो, कारण दुखत नाही. बोंडशी आता आत टाळूच्या मऊ भागाजवळ पोचलेली असते, तिथे तिला रगडणारं काही नाही. आधी ती पुढे कडक टाळू आणि जिभेच्या मध्ये चिरडली जात होती.

बाळ दूध कसं ओढतं हेही अलीकडेच नीट कळलं, बघण्याचा नवा कोन मिळाला म्हणून. पर्थमध्येच डोना गेडिस यांनी पिणाऱ्या बाळाच्या हनुवटीखाली अल्ट्रासाउंड लावला आणि दिसलं की जीभ खाली जाते, तोंडात पोकळी होते आणि त्याच क्षणी दूध आत येतं. त्याच गटानं 2005 मध्ये दाखवलं की बोंडशीमागे दुधाच्या मोठ्या टाक्या असतात ही समजूतही खोटी. सर ॲस्टली कूपर यांनी 1840 मध्ये मृतदेहांच्या दुग्धनलिकांत मेण भरून चित्रं काढली, मेणानं त्या फुगल्या, आणि ते फुगलेलं चित्र दीडशेहून जास्त वर्षं पाठ्यपुस्तकांत चालत राहिलं.

डोळे असे तारेतून पाठवता येतात. हात पाठवता येत नाहीत. म्हणून आजी लागते. "आई, तुमचा तळहात तिच्या पाठीशी उशीसारखा धरा. बाळाच्या डोक्यामागे हात दाबू नका, मानेला आधार पुरे." बाळंतकाढा, हळिवाची खीर, शेपूची भाजी, धुरी हे सगळं जिच्या अखत्यारीत, तिचेच हात सल्लागार उसने घेते. मला ही अदलाबदल फार आवडते. घरातल्या म्हातारीला बाजूला सारणारा सल्ला उमरोळीत दोन दिवस टिकणार नाही.

कान मात्र फसतात. बाळ घोट गिळतं तेव्हा हलका 'क्‌' असा उच्छ्वास येतो, समोर बसलं तर तो सहज ऐकू येतो. फोन मात्र बारीकसारीक आवाज गोंगाट समजून गाळून टाकतो आणि बाहेरच्या गाडीचा भोंगा इमानानं पोचवतो. मग सल्लागार हनुवटी बघते. हनुवटी खाली जाऊन क्षणभर थबकली की घोट गेला. मग ती लंगोट मोजायला सांगते. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा वेळा शू, ही गरिबाची प्रयोगशाळा. वजन मात्र काट्यावरच, आणि तो काटा अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात. दोन आठवड्यांत बाळानं जन्माचं वजन पुन्हा गाठायला हवं. ताप आला, छातीचा एक भाग लाल, गरम, दगडासारखा झाला, बाळ मलूल पडलं, पिवळं दिसू लागलं, उठवूनही पीत नसलं, तर फोन ठेवायचा आणि रिक्षा बोलवायची. जिभेखालची पट्टी आखूड आहे का, हेही बोट घालूनच कळतं. ज्या सल्लागाराला आपल्या पडद्याची कड कुठे संपते हे ठाऊक नाही, तिच्यापासून मी लांब राहीन.

दुरून आधार देण्याची ही कल्पना काही व्हिडिओबरोबर जन्मली नाही. 1956 मध्ये शिकागोजवळच्या फ्रँकलिन पार्कमध्ये सात आयांनी ला लेचे लीग ही संघटना सुरू केली, आणि त्यांच्या घरचे फोन अपरात्री वाजू लागले. पलीकडे रडणारी आई, इकडे कडेवर पोर घेऊन उत्तर देणारी आई. आपल्याकडे 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली, आणि 1991 मध्ये वर्ध्याला ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना झाली. पवईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातून बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी बाळाला कसं धरावं, लॅच कसा असावा याचे तपशीलवार व्हिडिओ तयार केले. ते मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. 25 मार्च 2020 ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, डॉक्टरांनी फोनवरून कसं तपासावं याचे सरकारी नियम जाहीर झाले. त्याआधी काही महिने सुरू झालेल्या ई-संजीवनीत उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी रुग्णाला शेजारी बसवून दूरच्या डॉक्टरला दाखवते. पिठाच्या डब्यापेक्षा हे बरं, कारण तिथे हातही असतो आणि काटाही.

गरज किती आहे हे आकड्यांच्या एका जोडीत दिसतं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 88.6 टक्के बाळंतपणांची नोंद दवाखान्यातली आहे, आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं 41.8 टक्के. बाळ डॉक्टरांच्या हातात जन्मतं. मग आईच्या छातीपर्यंतचा तो वीतभर प्रवास एवढा का लांबतो? त्या वीतभरात नातेवाईक, टाके, घाई, मध आणि 'अजून दूध आलं नाही' हे वाक्य उभं असतं.

आपली उमरोळीची मुलगी सहा महिन्यांनी कामावर परतते. तारापूर एमआयडीसीत, पॅकिंगच्या खात्यात. 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघरही. कंत्राटी मजुरीवरच्या बाईला यातलं काय हाताला लागतं ते तिला विचारावं, कायद्याला नाही. सल्लागाराशी शेवटचा कॉल झाला तो हातानं दूध काढायचं कसं यासाठी. उकळून घेतलेला स्टीलचा डबा, सावलीत तीन-चार तास, फ्रीज मिळाला तर एक दिवस.

जेवणाच्या सुट्टीत ती कोपऱ्यात जाऊन बसते. छाती भरलेली, पण थेंब येत नाही. यंत्रं धडधडताहेत, वीस मिनिटांत परत हजर व्हायचंय. मग तिला सल्लागारानं सांगितलेलं आठवतं. ती फोन काढते आणि आईनं सकाळी पाठवलेला व्हिडिओ लावते. बाळ पालथं पडून काहीतरी बडबडतंय. दुसऱ्यांदा लावते. अंगात मुंग्या येतात, आणि डब्याच्या तळाशी पहिली बारीक धार वाजते.

बाळाचा आवाज कानावर पडला की मेंदू वाट बघत बसत नाही, ओढण्याआधीच ऑक्सिटोसिन सोडतो. त्याला पडदा आणि माणूस यांतला फरक कळत नाही. आपलं आणि दुसऱ्याचं मूल यांतलाही धड कळत नाही. संध्याकाळी बोईसरहून उमरोळी एकच स्टेशन. लेडीज डब्यात पलीकडच्या बाकावर कुणाचं तरी तान्हं रडायला लागतं, आणि हिच्या ब्लाउजवर दोन ओले डाग उमटतात. ती पदर पुढे घेते. समोर रिकामी पाटी घेऊन बसलेली कोळीण ते बघते, काही बोलत नाही, पाटी पायाशी ओढते आणि खिडकीकडे सरकून जागा करून देते.